खाडाखोड चालेल का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कॉलेजच्या मुलामुलींचा भरणा आहे आणि बहुतेकांचं दुखणं एकाच जातीचं आहे. काम येत नाही असं नाही, पण केलेलं काम पुरेसं वाटत नाही. त्यातलं एक पत्र थांबण्यासारखं नाही, म्हणून ते आधी.

* * *

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचं एकच प्रकरण चार महिने लिहितोय आणि खोडतोय. गेले तीन आठवडे पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. जेवण नकोसं झालंय. मित्रांचे फोन उचलत नाही. कधी कधी वाटतं, आपण नसलो तर बरं. हा आळस आहे की आजार?
— नाव न दिलेला वाचक, कोल्हापूर

आळस नक्कीच नाही. झोप, भूक, माणसांत मिसळणं, कामात लक्ष लागणं यातलं बरंचसं सलग दोन आठवडे बिघडलेलं असलं, की डॉक्टर नैराश्याच्या दिशेनं तपासणी करतात. तुझे तीन आठवडे झालेत, शिवाय 'आपण नसलो तर बरं' हा विचारही येतोय. अशा वेळी प्रबंधाचं वेळापत्रक आखून देणं म्हणजे पत्र न वाचताच उत्तर देण्यासारखं होईल. प्रकरण राहू दे बाजूला.

आज १४४१६ ला फोन कर. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९-१४४१६. सुरुवात कुठून करायची याचा खल करू नकोस. नेमकं वाक्य शोधत बसण्याची सवय तिथंही आडवी येते. आम्हाला लिहिलेल्या ओळीच वाचून दाखव. आज रात्री एकटा राहू नकोस. खोलीतल्या एकाला तरी सरळ सांग, 'मला बरं नाही, डोक्यात मरणाचे विचार येतात, सोबत थांब.' विचार अनावर झाले तर ११२ किंवा १०८ ला फोन, नाहीतर थेट सीपीआरचा (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) अपघात विभाग.

मग एक-दोन दिवसांत मनोविकारतज्ज्ञांना दाखव. सीपीआरमध्ये केसपेपर काढून ओपीडीत जाता येतं, खासगी डॉक्टरही चालतील. झोप किती, त्रास कधीपासून, वजन घटलंय का, दारू-तंबाखू किती, घरात कुणाला असा त्रास होता का, असे प्रश्न विचारतील. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर नवल वाटून घेऊ नकोस, त्यांच्या बिघाडातही थकवा आणि उदासी येते. गोळ्या दिल्या तर फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा बेचैनी वाढली तर डॉक्टरांना कळवायचं, गोळी परस्पर बंद करायची नाही. बरेच जण इथंच घसरतात. कुणी आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडतो, तर कुणी महिन्याभरात बरं वाटलं म्हणून. उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

गाईडना दोन ओळी पुरेत: 'तब्येतीसाठी उपचार सुरू केलेत. प्रकरण आहे तसं पाठवतो, पुढची तारीख आपण ठरवून द्यावी.'

हे वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक सांगायला हवं. एखादा असं काही बोलला, तर 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

* * *

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री घेऊन आहे, हॉस्टेलवर राहते. जर्नलमध्ये एक जरी खाडाखोड झाली, तरी मी ते पान फाडते. बांधीव जर्नलचं एक पान फाडलं की जोडीचं पलीकडचं पान सुटतं, मग तेही पुन्हा लिहायचं. गेल्या सबमिशनला दहा प्रयोग तयार होते, पण त्यातले तीन नीट दिसत नव्हते म्हणून दिलेच नाहीत. गुण गेले. सर म्हणाले, आळस सोड. मैत्रिणी म्हणतात, तू लई ताण घेतेस. अक्षर चांगलं ठेवणं हा गुन्हा आहे का?
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

गुन्हा मुळीच नाही आणि 'जरा कमी मन लावून कर' असंही आम्ही सांगणार नाही. तुझा दर्जा चांगलाच आहे. घात करतोय तो त्याला चिकटलेला नियम: एक चूक झाली की पान रद्द. असा नियम असला की कामाचे दोनच निकाल उरतात, निर्दोष किंवा बाद. लिहायला बसण्याआधीच धाकधूक, म्हणून बसणं लांबतं. लांबलं की रात्री दीडला लिहिणं आलं, आणि त्या वेळी चुका जास्तच होतात. पान फाटतं, सबमिशन अर्धवट जातं, गुण जातात. यातून मन काय शिकतं? 'अजून काळजी घ्यायला हवी होती.' म्हणजे नियम आणखी कडक. ब्रिटनमधल्या रोझ शाफ्रान, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये हे चक्र मांडलं. त्यातला एक बारकावा तुला ओळखीचा वाटेल: मापदंड चुकला की माणूस स्वतःला झोडपतो, आणि गाठला की 'सोपंच होतं' म्हणून तो वर सरकवतो. समाधानाची पाळी येतच नाही.

तुझ्या विषयातच याला एक सणसणीत उत्तर आहे. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोंदवहीला पान क्रमांक असतात. तिथं पान फाडणं ही गंभीर चूक, व्हाइटनर लावणं तर त्याहून. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा मूळ आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, छोटी सही, तारीख आणि गरज असेल तर कारण. समज, ब्युरेटचं रीडिंग १८.६ होतं आणि तू १६.८ लिहिलंस. रेघ मार, १८.६ लिही, सही, तारीख, 'आकडे उलटे लिहिले'. वीस सेकंदांचं काम. फाडलेल्या पानावर मूळ रीडिंग काय होतं हे कुणालाच कळत नाही, म्हणून व्यावसायिक लॅबच्या लेखी तुझी स्वच्छ जर्नल संशयास्पद आणि मैत्रिणीची रेघ मारलेली भरवशाची. सरांना आधी विचारून घे, 'अशी दुरुस्ती चालेल का?'

आता नियम मोडायचा कसा? समजून घेतल्यानं तो मोडत नाही, करून बघावं लागतं. एकच प्रयोग निवड. लिहायला बसण्याआधी वेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिही: काय होईल असं वाटतं ('खाडाखोड दिसली की सर जर्नल परत देतील'), याची खात्री किती टक्के, आणि आत्ता भीती दहापैकी किती. मग ७५ मिनिटांचा गजर लाव. उद्देश आणि सिद्धांत २० मिनिटं, निरीक्षणांचा तक्ता १५, आकडेमोड २०, आलेख १५, शेवटची पाच मिनिटं एकदा वाचायला. चूक झाली तर रेघ आणि सही. झालीच नाही, तर सिद्धांताच्या भागात मुद्दाम एक शब्द चुकव आणि रेघ मार. रीडिंगमध्ये मात्र मुद्दाम काही करायचं नाही, तो खोटेपणा होईल. गजर झाला की पेन खाली. ते पान तसंच सबमिट कर. जर्नल परत आल्यावर पहिल्या कागदाखाली लिही, खरंच काय झालं.

असं चार-पाच प्रयोगांना केलंस की खात्रीचा आकडा खाली येतो. पहिल्या दोन वेळी भीती वाढेल, ती अपेक्षितच आहे. अर्ध्यावर पान फाडलंस तर जो सुटकेचा श्वास येतो, तोच खरा घातक, कारण मन त्यातून शिकतं की फाडलं म्हणून वाचलो.

कुठं फसतं तेही सांगून ठेवतो. काही जणी आधी रफ वहीत लिहून मग फेअर करतात. ती जुनीच सवय नव्या कपड्यांत. काही जणी गजर झाल्यावर 'फक्त मथळा अधोरेखित करते' म्हणून आणखी अर्धा तास घालवतात. मैत्रिणीला चार वेळा 'बरं दिसतंय ना गं?' विचारणं हाही तपासणीचाच प्रकार, एकदाही विचारू नकोस. आणि एकाच आठवड्यात सगळ्या विषयांना हे लावू नकोस. दमून पुन्हा मूळ पदावर येशील.

सरांकडून जर्नलच्या गुणांची वाटणीही विचारून घे. आकडेमोडीला किती, आलेखाला किती, नीटनेटकेपणाला किती. जिथं एक गुण आहे तिथं एक गुणाएवढाच वेळ.

एक फरक ध्यानात ठेव. पुन्हा पुन्हा लिहिणं, तपासणं, कुलूप बघणं, हात धुणं यांत नको असतानाही दिवसातला तासाहून जास्त वेळ जात असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात, तिथं वरचे प्रयोग एकटीनं करू नयेत. मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं.

* * *

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा प्रोजेक्ट: उसाला ठिबकचं पाणी मातीच्या ओलीप्रमाणे आपोआप सोडणं. ओल मोजणारा सेन्सर रोज वेगळंच दाखवतो. सादरीकरणाला तीन आठवडे उरलेत. रोज रात्री विचार करून डोकं फुटायची वेळ येते, सुचत काही नाही. बाकीचे म्हणतात, तयार प्रोजेक्ट विकत आणूया की. मला पटत नाही, पण अर्धवट दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा असंही वाटतं. मला प्रश्न सोडवणं जमतच नाही का?
— विद्यार्थी, गोकुळ शिरगाव

थॉमस डिझुरिला आणि मार्व्हिन गोल्डफ्रीड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रश्न सोडवण्याच्या कौशल्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. पुढं आर्थर नेझू यांच्याबरोबर त्यातून नैराश्यावरची एक उपचारपद्धतीही उभी राहिली. त्यांच्या मांडणीत दोन भाग वेगळे आहेत. एक, अडचणीकडे बघायची नजर. दोन, ती सोडवायची कृती. तुझी कृती कच्ची आहे असं पत्रावरून दिसत नाही. नजर अशी आहे: सेन्सर चुकला म्हणजे मी चुकलो. मग तू टाळतोस आणि मित्र घाईनं विकत घ्यायला निघतात. टाळणं आणि घाई, दोन्ही त्या त्रासातून सुटायचेच मार्ग आहेत. (विकतचा प्रोजेक्ट तोंडी परीक्षेत पहिल्या 'असंच का?' ला उघडा पडतो, ते सोड.)

रात्रीचा विचार हा विचार आहे की नुसतं घोळणं, हे ओळखायला साधी कसोटी: कागद घेऊन २५ मिनिटं बस. शेवटी कागदावर 'उद्या अमुक करायचं' असं एक वाक्य आलं तर विचार. नाही आलं तर झोप.

पहिली पायरी व्याख्येची, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिलाच द्यायचा. 'सेन्सर बेभरवशाचा आहे' ही व्याख्या होत नाही, तो वैताग झाला. सेन्सर बदलतोय की माती बदलतेय हे तुम्हाला अजून माहीतच नाही. एक किलो वाळवलेली, चाळलेली माती घ्या, २०० मिली पाणी मोजून घाला, नीट कालवा आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात दाबून भरा. झाकणाला भोक पाडून सेन्सर आत, भोक एम-सीलनं बंद. आता ओल बदलायला जागाच नाही. सेन्सर काढायचा नाही, दाबायचा नाही. तीन दिवस दर सहा तासांनी रीडिंग लिहा. आकडा स्थिर राहिला तर सेन्सर ठीक, गडबड शेतात तो रोवायच्या पद्धतीत. दोन पात्यांभोवती माती सैल राहिली, हवा शिरली, की रीडिंग उड्या मारतं. आकडा एकाच दिशेनं सरकत गेला तर सेन्सर उपसून पाती बघा. स्वस्तातला दोन पात्यांचा, रोध मोजणारा सेन्सर असेल आणि त्याला सतत डीसी पुरवठा असेल, तर ओल्या मातीत विद्युत अपघटन होऊन एक पातं झिजतं, त्यावरचा मुलामा काळपट-हिरवा होतो. हा दोष तुमच्या हुशारीचा नाही, त्या जातीच्या सेन्सरचाच आहे.

उद्दिष्टही मोजता येईल असं हवं. 'अचूक ओल' नको. 'कोरडी आणि ओली माती दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखणं' पुरे, कारण व्हॉल्व्ह उघडायचा की बंद ठेवायचा एवढंच ठरवायचंय.

दुसरी पायरी पर्यायांची. चौघं बसा, दहा मिनिटांत दहा पर्याय, आणि त्या दहा मिनिटांत कुणी कुणाला 'ते नाही चालायचं' म्हणायचं नाही. मुरलेला परफेक्शनिस्ट इथंच कोसळतो, पहिला पर्याय तोंडातून निघायच्या आत त्याला बाद करतो. वेडगळ पर्यायही लिहा. समजा असे निघाले: पुरवठा कायम न ठेवता दर १५ मिनिटांनी रीडिंगपुरता सेकंदभर देणं, धारकतेवर (कपॅसिटन्सवर) चालणारा सेन्सर लावणं (त्याचा धातू मातीला लागत नाही), दहा रीडिंगांची सरासरी, दोन सेन्सर दोन खोलींवर, सेन्सर काढून नुसत्या वेळेवर ठिबक, कृषी महाविद्यालयातल्या जाणकाराला विचारणं, सेन्सर का सरकतो हाच अहवालाचा एक भाग करणं.

तिसरी पायरी निवडीची. प्रत्येक पर्यायाला चार प्रश्न: अडचण सुटेल का, आपल्याला जमेल का, आपल्या चौघांवर परिणाम काय, पैसे आणि वेळ परवडतो का. उत्तरं अधिक, शून्य किंवा उणे. ज्याला अधिक जास्त तो घ्या. बरोबरी झाली तर जो लवकर करून बघता येतो तो. सर्वोत्तम शोधत बसू नका.

मग कोण, काय, कोणत्या वारी, आणि नाही जमलं तर दुसरा पर्याय कोणता, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तीन दिवसांनी उद्दिष्टाशी ताडून बघा. नऊऐवजी सहाच वेळा बरोबर आलं, तर कोणत्या पायरीवर चुकलं ते बघायचं, 'कोण चुकलं' हा प्रश्न त्या बैठकीत काढायचाच नाही.

अर्धवटाचं म्हणशील, तर सेन्सर तीन दिवसांत कसा सरकला याचा आलेख, कारण आणि केलेला उपाय, हे परीक्षकाला दाखवण्यासारखं काम आहे.

* * *

मुलगी जयसिंगपूरहून रोज कोल्हापूरला कॉलेजला जाते. यंदा ८९ टक्के पडले, तरी दोन दिवस रडली, जेवली नाही. आम्ही तिला मार्कांवरून कधी एक शब्द बोललो नाही. मग हे आलं कुठून?
— एक आई

न बोलताही येतं, ताई. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले. स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि तिसरा 'लोकांची माझ्याकडून अपेक्षा आहे' हा समज. मनाला जास्त पोखरतो तो हा तिसरा. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, सर्वांत जास्त तिसरा. त्यात आपली मुलं नव्हती, पण वर्ग, रँक आणि मोबाईलवर सगळ्यांचे निकाल आपल्याकडेही आहेतच.

दोष शोधू नका, घरातली बोली मात्र ऐका. जेवताना 'सांगलीच्या मामाच्या पोरीला ९४ पडले म्हणे' हे सहज बोललं जातं, पण तिच्या कानात ते तिच्याबद्दलच असतं. 'राहिलेले अकरा कुठं सांडले?' ही थट्टा बंद. 'आमची हुशारच आहे' हेही जपून, कारण मग हुशार न दिसण्याची भीती वाढते. त्यापेक्षा 'त्या दोन धड्यांवर तू चांगली बसली होतीस' असं म्हणा.

रडत असताना '८९ म्हणजे खूप झाले की गं' असं म्हटलं की बोलणं तिथंच तुटतं. 'तुला जास्त वाटले होते, वाईट वाटणारच' एवढं म्हणून गप्प बसा. निकालाचं काय ते दुसऱ्या दिवशी. आणि आमटी खारट झाली तर 'आज मीठ जास्त पडलं, पाणी घालते' म्हणून पुढं जा. चूक झाल्यावर माणूस काय करतो हे ती तुमच्याकडूनच बघते.

जेवणावर मात्र लक्ष ठेवा. दोन दिवसांचा रुसवा वेगळा. पण जेवण टाळणं चालूच राहिलं, वजन उतरलं, पाळी चुकली, आरशासमोर वेळ वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. खाण्याच्या विकारांत हा स्वभाव पुष्कळदा सापडतो.

* * *

कलामहाविद्यालयात आहे. जलरंगातलं रंकाळ्याचं निसर्गचित्र सुधारत राहतो आणि शेवटी चिखल होतो. थांबायचं कधी हे कळत नाही.
— विद्यार्थी, मंगळवार पेठ

जलरंगात थांबायचं आधी ठरवावं लागतं, चित्र बघून ठरवायला गेलास की उशीर झालेला असतो. अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरला की खालचा रंग उचलला जातो, पूरक रंग मिसळतात आणि चमक मरते. पूर्ण इम्पिरियल कागद सोड. पाव इम्पिरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच घे. ४५ मिनिटं, तीन थर, थरांमध्ये कागद पूर्ण वाळेपर्यंत हात मागे. आकाश-पाणी, मग मधली झाडी, शेवटी गडद ठसे. तिसरा थर वाळला की कागदाच्या कडांना लावलेली टेप काढायची. टेप काढल्यावर चित्राला हात नाही. आठवड्यात एक मोठं करण्याऐवजी अशी पाच कर आणि पाचांतलं एक सबमिट कर. उरलेल्या चारांतही काही बघण्यासारखं असतं, मागं तारीख टाकून ठेव.

* * *

कॉलेजात शिकवतो. अशा मुलांसाठी वर्गात काय करता येईल? समुपदेशक सगळीकडे नसतो.
— प्राध्यापक, गडहिंग्लज

गुणांची वाटणी आधी लेखी द्या. निबंध किंवा अहवालाचा पहिला खर्डा बिनगुणांचा, पण सक्तीचा ठेवा आणि त्यावर फक्त दोन सूचना लिहा. पाच चाचण्या असतील तर सर्वांत कमी गुणांची एक सोडून द्या. नियमात बसत असेल तर उशिरा आलेल्या कामाला शून्य देण्याऐवजी दिवसाला ठरलेली कपात ठेवा, कारण 'उशीर झालाच आहे तर कशाला द्या' या विचारानं ही मुलं कामच दडवतात. फळ्यावर गणित चुकलं तर पुसू नका. रेघ मारून शेजारी दुरुस्त करा. आणि नेहमी उत्तम काम देणारा विद्यार्थी अचानक काहीच देईनासा झाला, तर बेपर्वाई धरून चालू नका. एकट्याला बोलावून झोप आणि जेवणाबद्दल विचारा.

* * *

पेपरात पहिला प्रश्न इतका नीट लिहितो की शेवटचे दोन राहतात. दरवेळी ठरवतो, दरवेळी तेच.
— विद्यार्थी, कागल

ठरवण्यानं होणार नाही, घड्याळाचे आकडे आधीच काढून जावे लागतील. तीन तासांचा ८० गुणांचा पेपर असेल तर गुणाला दोन मिनिटं धर. १६० मिनिटं लिहायला, २० हाताशी. १६ गुणांच्या प्रश्नाला ३२ मिनिटं. ११ ला सुरू होणाऱ्या पेपरात पाच मिनिटं वाचायला दिलीस तर पहिला प्रश्न ११:३७ ला संपला पाहिजे, दुसरा १२:०९ ला. पेपर हातात आल्यावर प्रत्येक प्रश्नासमोर ही वेळ पेन्सिलनं मांड. प्रश्नपत्रिकेवर लिहायला मनाई असेल तर वेळा पाठ करून जा. वेळ झाली की वाक्य अर्धं असलं तरी तिथंच सोडायचं, खाली सहा-सात ओळी मोकळ्या ठेवायच्या आणि पुढच्या प्रश्नाला हात घालायचा. उत्तराचे पहिले गुण लवकर मिळतात. शेवटच्या दोन गुणांसाठी जी दहा मिनिटं जातात, त्यांत न लिहिलेल्या प्रश्नाचे पाच-सहा गुण सहज येतात.

ही सवय परीक्षा हॉलमध्ये पहिल्यांदा लावायला गेलास तर मोडेल. घरी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन निदान तीन पेपर असे लिही, अर्ध्यावर वाक्य तोडण्याचा सराव धरून. तोडलेलं वाक्य टोचतं, लक्ष मागं जातं. तसं झालं तर समासात एक फुली मार आणि पुढं जा. वाचन वजा जाता उरलेल्या १५ मिनिटांत आधी फुल्यांकडे परत जायचं, अक्षर सुधारायला नाही.